साठावं पान

अडतीस वर्षं मी पाण्याचे मीटर वाचले. फाटकाशी जमिनीत लोखंडी झाकण असतं. ते उचलायचं, काचेवरचा चिखल बोटाने पुसायचा, आकडा बघायचा आणि मगच लिहायचा. आमच्या खात्यात न बघता लिहिणारेही होते. कुत्रं अंगावर आलं, फाटकाला कुलूप दिसलं, की मागच्या महिन्याकडे बघून अंदाजाने काहीतरी टाकायचे आणि चहाला जायचे. मी तसं कधी केलं नाही. कुलूप असलं की 'बंद' असं लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी परत जायचो. माझी बायको हात्सुए म्हणायची, "लग्नाला हो म्हणायच्या आधी तुम्ही माझंसुद्धा झाकण उचलून बघितलं असेल."

झाकण न उचलता मी आयुष्यात एकदाच लिहिलं. ते तिच्या शवपेटीत.

ती मार्चमध्ये गेली. अंत्यविधीवाला पोरगेलासा माणूस होता, काळा सूट, हातमोजे, आवाज बेताचा. त्याने विचारलं, "सोबत काही ठेवायचं का? धातू नको, काच नको, जाड पुस्तकं नकोत, नीट जळत नाहीत." मग आमच्या देव्हाऱ्याकडे बघून म्हणाला, "फेरीची वही असेल तर ती चालते. ती सगळेच ठेवतात."

आमच्या शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची पायी फेरी करणारा प्रत्येक जण अशी वही बाळगतो. मंदिरात बुद्धाचं सूत्र म्हणून झालं की वही खिडकीत द्यायची. आतला माणूस कुंचल्याने पानभर अक्षरं काढतो, वर तीन लाल शिक्के मारतो. वही भरली की देव्हाऱ्याच्या खणात, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर पेटीत. वर गेल्यावर दाखवायला. आम्ही दोघांनी पहिल्या मंदिरात एकाच दिवशी एकसारख्या हिरव्या वह्या घेतल्या होत्या. हात्सुएने एकाच जुन्या कमरपट्ट्याच्या कापडातून दोन्ही वह्यांना पिशव्या शिवल्या. सुट्टी मिळेल तशी दोन-तीन दिवसांची चाल करत अकरा वर्षांत आम्ही फेरी पुरी केली. म्हणजे तिने पुरी केली. माझी सत्त्याऐंशी झाली, साठावं राहिलं.

साठावं डोंगरावर आहे. त्या दिवशी माझा गुडघा सुजला होता, म्हणून मी खाली नदीकाठच्या नूडल्सच्या दुकानात बसलो. ती निघताना म्हणाली, "तुमची वही द्या, दोन्हींवर घेऊन येते."

"न चढलेल्या डोंगराचा शिक्का?"

"आजारी माणसाची वही दुसऱ्याने नेलेली चालते. दाइशी काय मोजत बसलेत का?"

दाइशी म्हणजे ज्यांच्या मागे आम्ही चालतो ते, बाराशे वर्षांपूर्वीचे साधू. मी म्हणालो, "ते नसतील मोजत. मी मोजतो."

"बसा मग मोजत," असं म्हणून ती एक चाळीसला निघाली. सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना परत आली. केसांत पाचोळा, गुडघ्यापर्यंत चिखल. मी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं," आणि दोन वाट्या नूडल्स संपवल्या.

तर मार्चमध्ये मी खण उघडला, हाताला लागली ती पिशवी काढली, त्या हातमोज्यांत दिली. त्याने ती तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी ठेवली. एकोणपन्नासाव्या दिवशी भटजी यायचे होते म्हणून खण आवरायला घेतला, तेव्हा दुसरी पिशवी दिसली. मागचं पान उलटलं. शेवटच्या पानावर मालकाचं नाव लिहितात. तिथे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, निशिओका हात्सुए.

मी पिशवी परत बांधली आणि खण लावला. पुढचं एक पानही उलटलं नाही. ती माझी अर्धवट वही घेऊन गेली होती. अकरा वर्षं चालली, सगळे डोंगर चढली, आणि दाखवायला तिच्या हातात नवऱ्याच्या आळसाचं एक कोरं पान.

हे कळल्यावर रडू यायला हवं होतं. मी भात लावला. भटजी आले, सूत्र म्हणून गेले. त्यांनी तिखट मुळा दोनदा घेतला, एवढं मला आठवतं.

*

ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला हात्सुएची धाकटी बहीण यासुयो आली. चौसष्ट वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज तीनशे मुलांना पुरेल एवढा. धूप लावून झाला आणि ती माझ्याकडे वळली.

"दाजी, तुमचं साठावं राहिलंय ना?"

"कोणी सांगितलं?"

"ताईने. दर नव्या वर्षाला सांगायची. 'एवढा हिशेबी माणूस आणि वहीत भोक.' नोव्हेंबरात जाऊ. मी येते. छप्पन्नपासून चालू, म्हणजे पायांना सवय होईल."

"माझी वही तिच्याबरोबर गेली." वाक्य एवढंच होतं, चार शब्दांचं, पण ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "नोव्हेंबरात संत्र्यांचे दिवस असतात."

"मग बरंच आहे की," ती म्हणाली.

तिने बहिणीची काठी मागून घेतली. पेटीत काठीही ठेवतात, पण ती लांब होती. कापावी लागेल म्हणाले, तेव्हा यासुयोनेच हात आडवा घातला होता. आमच्या दोघांच्या काठ्या एकाच दिवशी, एकाच मापाच्या घेतलेल्या. आता शेजारी उभ्या केल्या तर तिची तीन बोटं आखूड भरते. झिजून.

*

छप्पन्न ते एकोणसाठ ही मंदिरं शहराच्या कडेकडेने आहेत. दोन दिवस चाललो. रस्ता सपाट, बाजूला मोटारी, टॉवेलचे कारखाने, मध्येच एखादं शेत. यासुयोला वही नव्हती. "मला कागद नको, संध्याकाळी आंघोळीला कढत पाणी मिळालं की माझी फेरी झाली," असं तिचं म्हणणं. मी प्रत्येक ठिकाणी म्हणालो की माझ्या वहीत हे आहेच, परत कशाला. तिने विश्वास ठेवला. मी कधी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे. ती अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

वाटेतली माणसं मी बघत होतो. ती सवय जात नाही. बसने येणारे सूत्र लवकर म्हणतात आणि आइसक्रीम सावकाश खातात. पहिल्यांदा चालणाऱ्याचं ओझं मोठं असतं आणि तो ते दर मंदिरात उपसून पुन्हा भरतो. पाचव्या-सहाव्या फेरीवाल्याकडे लहान पिशवी आणि मोठी तोंडपाटीलकी. अठ्ठावन्नच्या चढावर एक गृहस्थ भेटले, एकवीस फेऱ्या झालेले. त्यांची वही शिक्क्यांवर शिक्के बसून इतकी लाल झाली होती की अक्षर एक दिसत नव्हतं. त्यांनी न विचारता आम्हाला दाखवली. यासुयो म्हणाली, "छान. घरी कोण असतं?" ते म्हणाले, कोणी नाही. मग ते आमच्या पुढे निघून गेले.

मंदिरात नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची असते. नाव, गाव, वय, आणि खाली इच्छा. यासुयोने लिहिलं, 'नातवाला नोकरी, सुनेला अक्कल.' माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "तुमचं कोरंच?"

"लिहिण्यासारखं काही नाही."

"काहीतरी लिहा. 'गुडघा' लिहा."

मी 'गुडघा' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बागेच्या कडेला म्हातारी संत्री खुडत होती. आमचे पांढरे सदरे दिसले तशी कात्री ठेवून आडवी आली. चालणाऱ्याला दिलेलं दान नाकारायचं नसतं. ते आपल्याला नसतं, दाइशींना असतं. तिने माझ्या हातात आठ संत्री दिली.

"आजी, दोन पुरेत," मी म्हणालो.

"तुला कोण देतंय? तुझ्याबरोबर चालताहेत त्यांना देतेय." मग यासुयोकडे बघून म्हणाली, "बायको दिसते चांगली धडधाकट. हिला दहा घे."

"मी बायको नाही, मेहुणी," यासुयो म्हणाली. "बायकोला जाऊन आठ महिने झाले."

म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं. "मग अजून चार घे," ती म्हणाली, आणि पुन्हा झाडाकडे वळली.

बावीस संत्री. पुढचे सहा किलोमीटर यासुयो वाटेत भेटेल त्याला संत्री वाटत गेली. एका टपालवाल्याला दोन दिली तर त्याने खिशातून गोळ्या काढून आम्हाला दान केल्या. "हे असं चालू राहिलं तर डोंगरावर आपण दुकान थाटू, दाजी," ती म्हणाली. मी हसलो. हसण्याची जागा कळते, तेवढं राहिलंय.

काठी म्हणजे दाइशीच असं मानतात, म्हणून त्या संध्याकाळी धर्मशाळेत आधी काठ्यांचे पाय धुऊन आम्ही त्या आत नेल्या. मी बूट काढले तशी ती ओरडली, "अहो, रक्त!"

डावा मोजा टाचेपासून लाल झाला होता. फोड फुटून बराच वेळ झाला असावा.

"दुखत नव्हतं?"

"दुखत असेल."

"'असेल' काय? पाय तुमचा आहे ना?" तिने गुडघ्यावर बसून जखम धुतली, पट्टी लावली. शाळेत मुलांना लावायची तशी, घट्ट, वर एक चापट. मग हात पुसत म्हणाली, "ताई गेली तेव्हाही तुम्ही असेच बसला होतात. मला राग आला होता. अजून आहे थोडा. तसं सांगून ठेवते."

मी बरं म्हणालो.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी साठाव्याकडे निघालो. ते नूडल्सचं दुकान बंद झालं होतं, दारावर विकायची पाटी. तिथून नदीच्या कडेने तासभर रस्ता, मग एक शेड, आणि शेडपासून सव्वादोन किलोमीटर चढ. गुडघ्याने कुरकुर केली नाही. कदाचित करत असेल.

पुलावर यासुयोने काठी टेकली.

"उचल. पुलावर काठी टेकवायची नाही. दाइशी पुलाखाली झोपलेले असतात."

"बाराशे वर्षं?"

"जागे होतील."

"होऊ द्या की. संत्री देऊ." पण तिने काठी उचलून बगलेत धरली.

चढावर देवदारांची गर्दी आहे, मुळ्या वाटेवर पायऱ्यांसारख्या येतात. अंतर दाखवणारे जुने दगड मी मोजत होतो. शेडपासून निघाल्यावर चाळीस मिनिटांत आम्ही नऊ दगड पार केले. त्यावरून हात्सुएचा हिशेब मी पायांबरोबर करत गेलो. एक चाळीसला दुकानातून निघाली. दोन चाळीसला शेड. ती माझ्यापेक्षा भरभर चालायची, पण पाऊस होऊन गेलेला होता, वाट घसरडी. सव्वाचार धरू. मुख्य देऊळ आणि दाइशींचं देऊळ, दोन्ही देवळांत सूत्र म्हणायला, धूप लावायला अर्धा तास. पावणेपाच. खिडकी पाचला बंद होते. मग अंधार पडायच्या आत खाली. जमतं. जेमतेम जमतं.

यासुयो मागून धापा टाकत म्हणाली, "दाजी, एक सांगू?"

"सांग."

"ताई तुम्हाला घाबरायची."

"मला?"

"मारत नव्हता हो. पण तुमच्यासमोर चुकायला घाबरायची. एकदा साखरेऐवजी मीठ पडलं डब्यात, तर मला फोन. 'यासुयो, त्यांनी काही म्हटलं नाही, पण डबा उघडल्याची वेळ सांगितली.'"

मला तो डबा आठवला. बारा वाजून पाच मिनिटं.

"आता हे पान भरलं की तुमचं भोक बुजलं," ती म्हणाली. "वर गेल्यावर ताईला टोमणा मारता यायचा नाही."

तेव्हा सांगायचं होतं. पुढचा दगड आला की सांगू असं ठरवलं. तो दगड आला, मग त्याच्या पुढचा आला. माणूस घराला कुलूप असल्यासारखा स्वतःच्या दारात उभा राहतो. मग मंदिराचं छप्परच दिसलं.

*

दोन्ही देवळांत सूत्र म्हटलं. यासुयो मोठ्याने, मी ओठांत. शिक्क्याच्या खिडकीपाशी आलो तेव्हा घड्याळात दोन वाजून चोवीस मिनिटं होती. आत पिकल्या केसांच्या बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात. आमच्या मागे एक बसवाला येऊन उभा राहिला, हातात प्रवाशांच्या वह्यांची चळत, तीस तरी असतील, हनुवटीने वरून दाबून धरलेली.

मी पिशवी सोडली. मला माहीत होतं काय होणार. बाई साठावं पान उघडतील, त्यावर काळी अक्षरं आणि लाल शिक्के असतील, यासुयो विचारेल हे काय, आणि मग ते वाक्य आपोआप बाहेर पडेल. मी बोलायचीही गरज नाही. एवढ्यासाठीच मी तीन दिवस चाललो होतो, असं तेव्हा लक्षात आलं.

बाईंनी सराईतपणे वही मधोमध उघडली, दोन पानं पुढे, एक मागे.

पान कोरं होतं.

डावीकडे एकोणसाठ, भरलेलं. उलटून बघितलं तर एकसष्ट, भरलेलं. मध्ये पांढरं.

"हेच ना राहिलेलं?" बाईंनी विचारलं आणि कुंचला शाईत बुडवला.

"हेच ते," माझ्याऐवजी यासुयो म्हणाली. "सहा वर्षं झाली. माझ्या बहिणीने किती बोल लावले या पानावरून!"

मी पानाकडे बघत होतो. यासुयोला शंका यायचं कारणच नव्हतं. माझ्या वहीत हे पान कोरं असतं, तसंच ते समोर होतं. आता बाई लिहिणार, तीन शिक्के बसणार, खाली उतरायचं, आंघोळ, जेवण. खोटं न बोलता खोटं पुरं झालं असतं. मागच्या महिन्याकडे बघून लिहिलेल्या आकड्यासारखं. असे आकडे कोणी तपासत नाही.

"थांबा," मी म्हणालो.

कुंचला पानाच्या वीतभर वर थांबला.

"ही वही माझी नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. बसवाल्याने चळत सावरली. मी हात आत घालून वही उलटी केली, शेवटचं पान काढलं आणि यासुयोसमोर धरलं. तिने नाव वाचलं. मग परत वाचलं.

"ताईची वही इथे कशी?"

"तिच्याबरोबर माझी गेली. मी पिशवी उघडून बघितली नाही."

"कधी कळलं?"

"एकोणपन्नासाव्याला."

"म्हणजे एप्रिलमध्ये." ती बोटं मोजू लागली. "मे, जून, जुलै... ऑगस्टमध्ये मी तुमच्या समोर बसून कलिंगड खाल्लं!"

"हो."

"तीन दिवस मी तुमच्याबरोबर चालतेय! 'माझ्या वहीत हे आहेच!' असं तोंड वर करून..." मग ती मध्येच थांबली. वही माझ्या हातून घेतली, साठावं पान पुन्हा काढलं. "ही ताईची. मग हे कोरं कसं?"

माझ्याकडे आकडा नव्हता.

खिडकीतल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पाचला बंद होतं इथे. शरदात खालून दुपारी निघणारे बरेच उशिरा पोचतात. बंद दारापुढे सूत्र म्हणून परत जातात. काही रडतात."

"माझी बहीण रडणारी नव्हती," यासुयो म्हणाली. "आणि उशीर करणारीही नव्हती. तिने घेतलंच नाही. या माणसासाठी थांबली ती. एकटीचं भरून काय करायचं म्हणून."

"तिने मला 'झालं' असं सांगितलं," मी म्हणालो.

"मग काय सांगणार? तुम्हाला? 'पाच मिनिटं उशीर झाला' असं?"

एकाच दमात तिने दोन्ही कारणं सांगितली होती, आणि ती एकमेकांत बसत नव्हती. तिच्या ते लक्षात आलं नाही. मी दोन्हींपैकी एकही नोंदवलं नाही. खाली तासन्‌तास बसून मी फक्त घड्याळ बघितलं होतं. ती खिडकीपाशी पोचली का, आत दिवा होता का, तिने पिशवी सोडली का, हे विचारायला माझ्याकडे सहा वर्षं होती. मी एक शब्द विचारला होता आणि तिने तोच परत दिला होता.

मग यासुयो हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून. तीनशे मुलांच्या स्वयंपाकघरातलं हसू.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमची वही! तुम्ही त्यात पेन्सिलीने लिहायचात ना? ताई चिडायची, देवाच्या वहीत काय लिहिता म्हणून. आता ती तिथे वर दाखवणार, आणि कडेला काय? 'नऊ वाजून दहा. रांगेत चौघं. शौचालय स्वच्छ.'" तिला पुढे बोलवेना. खिडकीची चौकट धरून ती हसली, मग ते हसणं राहिलं नाही, चेहरा तसाच ठेवून ती रडू लागली. बसवाल्याने सगळ्या वह्या कठड्यावर ठेवल्या आणि खिशातून टिशूचं पाकीट काढून तिला दिलं. दान असल्यासारखं, दोन्ही हातांनी. तिने नाकारलं नाही.

मी तिच्या शेजारी उभा होतो. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं कळत होतं. थोड्या वेळाने ठेवला.

"लिहू का?" बाईंनी विचारलं. "गेलेल्या माणसाच्या नावाने चालतं. रोज दोन-चार असतात."

हात्सुए इथे आली होती की नव्हती हे मी सांगू शकत नव्हतो. पण आज तिची काठी आली होती, वही आली होती, आणि ज्याच्यासाठी कदाचित थांबली, कदाचित नाही, तो समोर होता. एवढं मी डोळ्यांनी बघितलं होतं. तेवढ्यावर आकडा लिहायला हरकत नाही.

"लिहा," मी म्हणालो.

बाईंनी पुन्हा कुंचला बुडवला. अक्षर मोठं, उतरतं, शेवटची रेघ खाली लांब ओढलेली. मग तीन शिक्के, आधी वरचा, मग मधला, मग खालचा. शाई पसरू नये म्हणून वर वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा ठेवून त्यांनी वही मिटली. बसवाल्याने आपली चळत पुढे सरकवली.

बाहेर बाकावर आम्ही संत्री सोलली. यासुयोचं नाक लाल झालं होतं.

"काढा पेन्सिल," ती म्हणाली.

"तिला आवडायचं नाही."

"तिच्याकडे आता तुमची सत्त्याऐंशी पानं आहेत. एकाने काय होतंय?"

मी वर्तमानपत्राचा तुकडा बाजूला केला आणि समासात बारीक लिहिलं, 'दोन वाजून चोवीस. कोरडं ऊन. यासुयो सोबत.' पुढे आणखी काही लिहिता येईल का, असा विचार केला. पेन्सिल खिशात ठेवली.

"तुम्ही गेलात की ही मी पेटीत ठेवीन," यासुयो म्हणाली. "उघडून. नाव वाचून. मगच. मग तिथे काय अदलाबदल करायची ती दोघं करा, आणि काय भांडायचं ते भांडा."

"तू आधी गेलीस तर?"

"माझ्याकडे वहीच नाही. मी कढत पाण्यात बसलेली असेन."

उतरताना वाट घसरडी नव्हती, तरी ती पुढे आणि मी मागे, काठी आधी टेकवून मग पाय. शेडपाशी तिने बाटली भरून घेतली. पूल आला तेव्हा तिने न सांगता काठी उचलून बगलेत धरली, आणि पलीकडे जाऊन माझी वाट बघत उभी राहिली. मी हळू येत होतो.

"काय झालं?"

"टाच," मी म्हणालो.

"दुखतेय?"

"हो."

"खूप?"

मी पुलाच्या कठड्याला टेकून बूट थोडा सैल केला. खाली पाणी कमी होतं, दगड दिसत होते.

"खूप," मी म्हणालो.

तिने माझी पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. तिच्यात वही होती आणि उरलेली पाच संत्री.